आडवं वाफेचं इंजिन: देवपूर, धुळे येथील वर्कशॉपच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आराखडा पक्का केला. आडवं, एका सिलिंडरचं, पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ घेणारं इंजिन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २४ मिमी, फ्लायव्हील (जड चाक) १०० मिमी. खानदेशातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये असायची तीच घडण ठेवली आहे: लांबट बिडाचा पाया, एका टोकाला सिलिंडर, मधे गोल गाइड, दुसऱ्या टोकाला क्रँकची तबकडी आणि शाफ्टवर फ्लायव्हील.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस बाजारात यायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. मागोमाग रेचे (सरकी काढणारी यंत्रं) आणि गाठी दाबणारे प्रेस चालवायला वाफेची इंजिनं आली. आमच्या गल्लीतल्या आप्पांचे वडील अशाच एका इंजिनावर तेलवाले होते. आप्पा स्वतः रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. जिनातलं ते इंजिन कधीच भंगारात गेलं, पण आप्पांना त्याचा आवाज अजून आठवतो. मला ते यंत्र, ओंजळीत मावेल एवढं का होईना, फिरताना बघायचं आहे.

आता लेथबद्दल (जॉब फिरवून कातायचं यंत्र), कारण सगळं त्यावरच ठरणार. पंजाबातल्या बटाल्याचा साडेचार फुटी लेथ, माझ्या आधी दोन मालकांकडे राबलेला. दिवसभर त्यावर पंपाचे शाफ्ट आणि बुश होतात, इंजिनाचं काम पहाटे आणि रविवारी. चकजवळचा (जॉब धरणाऱ्या जबड्यांजवळचा) बेड, म्हणजे ज्यावरून टूल सरकतं तो भाग, झिजलेला आहे. चकमध्ये धरून बोअर केला की ४० मिमी लांबीत तीन शतांश मिमीचा टेपर (निमुळतेपणा) येतो. थ्री-जॉ चकमध्ये जॉब काढून परत धरला की तो पहिल्या जागी येत नाही. पंपाच्या बुशला एवढं चालतं, सिलिंडरला चालणार नाही.

म्हणून या कामाला एकच नियम लावतोय. ज्या दोन पृष्ठभागांचं एकमेकांशी नातं आहे ते दोन्ही एकाच सेटिंगमध्ये कापायचे. जिथे ते शक्य नाही तिथे नवा भाग आधीच्या तयार भागावर बसवूनच कापायचा. माप कागदावरून कमी आणि शेजारच्या भागावरून जास्त घ्यायचं. झिजलेल्या लेथवर नेमकं इंजिन होतं ते याच रस्त्याने, आणि या नोंदी लिहितोय त्या तेवढ्यासाठी.

१९ जानेवारी, रविवार

पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने) तयार. लाकूड सागाचं, पाडलेल्या एका माडीच्या तुळईतलं. इतकं वाळलेलं की आता ते हलणार नाही. गनमेटल (तांब्याचं मिश्रण) गार होताना सुमारे दीड टक्का आकसतं, म्हणजे ६० मिमीच्या मापाला जवळजवळ एक मिलिमीटर वाढवून धरावं लागतं. शिवाय कापायला प्रत्येक बाजूला २ मिमी. उभ्या बाजूंना किंचित उतार दिला, नाहीतर पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळते. आतल्या कोपऱ्यांत मेण भरून गोलाई केली. टोकदार कोपऱ्यात ओतीव धातू गार होताना ताण धरतो आणि तिथेच तडकतो.

बोअरसाठी १५ मिमीचा कोअर (भोकाची जागा राखणारा वाळूचा गाभा) ठेवला आहे. २० चं भोक भरीव गनमेटलमधून काढण्यात धातूही वाया आणि वेळही.

पुतणी डिप्लोमाला आहे, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. पॅटर्नला पॉलिश पेपर तिनेच मारला आणि वार्निशचे हात दिले.

२ फेब्रुवारी, रविवार

ओतकाम आलं. सिलिंडर, दोन्ही झाकणं, गाइड आणि बेअरिंगचे ठोकळे गनमेटलमध्ये. पाया आणि फ्लायव्हील बिडात. गनमेटल ८५-५-५-५: तांबं ८५, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. हेच मिश्रण आपल्याकडच्या पंपांच्या बुशला आणि इंपेलरला चालतं, म्हणून फाउंड्रीत ते रोजच वितळलेलं असतं. वेगळी भट्टी लावावी लागली नाही. शिशामुळे कापायलाही मऊ जातं.

फाउंड्रीतल्या मिस्त्रींनी सिलिंडरचा पॅटर्न बराच वेळ हातात फिरवून पाहिला होता. ‘भो, हाई काय शे?’ सांगितल्यावर त्यांनी साच्याला बारीक चाळलेली वाळू लावली, ती मी न सांगता. ओतीव कामाच्या पाठीवर ते दिसतंय. अक्षरं ओतली असती तर वाचता आली असती.

सिलिंडरचा कोअर एका बाजूला मिलिमीटरभर सरकलाय. लहान कोअरचं असं होतंच. त्याचा उपाय बोरिंगच्या पद्धतीतच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

बोरिंग बार. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार, आणि ते घरीच होतं.

१२ मिमीचा ब्राइट बार, १६० मिमी लांब, दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल. बरोबर मध्यावर ४ मिमीचं आडवं भोक, त्यात तुटलेल्या एंडमिलच्या (फिरत्या कटरच्या) दांड्यापासून घासलेलं एच.एस.एस.चं (हाय स्पीड स्टीलचं) टूल. बाजूने एम३ चा स्क्रू टूल घट्ट धरतो, मागून दुसरा स्क्रू त्याला पुढे ढकलतो.

चकमध्ये सिलिंडर फिरवायचा आणि टूल स्थिर ठेवायचं, ही नेहमीची रीत. त्यात टूल बेडवरून जसजसं सरकतं तसतसा बेडचा झिजलेला भाग त्याला आत-बाहेर नेतो आणि भोक निमुळतं होतं. इथे उलट करायचं. बार दोन सेंटर्समध्ये (टोकदार आधारांमध्ये) फिरेल आणि सिलिंडर क्रॉस स्लाइडवर (एरवी टूल धरणाऱ्या सरकत्या बैठकीवर) बांधून त्याच्या अंगावरून सरकेल. टूल बारमध्ये घट्ट आहे, त्याची त्रिज्या बदलूच शकत नाही. बेड वाकडा असो, टेलस्टॉक थोडा बाजूला असो, भोकाचा व्यास या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच राहतो. फार तर भोक अगदी नकळत लंबगोल होईल, पण तो फरक मायक्रोमीटरला सापडणार नाही एवढा लहान. आणि टूल कोअरच्या मागे जात नाही, बारच्या अक्षाभोवतीच फिरतं, त्यामुळे सरकलेल्या कोअरचा प्रश्नही इथेच मिटतो.

टूलचं माप घ्यायची युक्ती आप्पांनी सांगितली. मायक्रोमीटर टूलच्या टोकावर आणि बारच्या पाठीवर धरायचा. येणारं माप म्हणजे बारची त्रिज्या अधिक भोकाची त्रिज्या. बार १२, भोक २०, म्हणजे १६.०० ला टूल बसवलं की भोक २० चं. टूल पाच शतांश पुढे सरकवलं की व्यास दहा शतांशने वाढतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सिलिंडर बोअर झाला.

सगळा वेळ बांधण्यात गेला, कापायला थोडाच लागला, आणि असंच असायला हवं. आधी सिलिंडरची बसायची बाजू फोर-जॉमध्ये (चार जबड्यांच्या चकमध्ये) धरून फेस केली, मग कानशीने आणि निळीने (उंचवटे दाखवणाऱ्या रंगाने) सपाट केली. टूल पोस्ट आणि टॉप स्लाइड काढून टाकली. क्रॉस स्लाइडवर सिलिंडर ठेवून खाली पट्ट्या भरत गेलो, शेवटी शीतपेयाच्या कॅनमधून कापलेले पत्र्याचे तुकडे. मोजून निवडले तर उंचीची शेवटची तूट नेमकी भरून निघते. बाजूची जुळवणी फ्लॅन्जच्या बाहेरच्या गोलाईवरून केली, कोअरच्या भोकावरून नाही. बाहेरचा आकार डोळ्यांना दिसतो, भोक झाकणाखाली जातं.

मिनिटाला ३०० च्या आसपास फेऱ्या, टूलला वरचा उतार शून्य. गनमेटलला धार पुढे झुकलेली असेल तर ती धातूत रुतून आत ओढली जाते. कोरडंच कापलं. १७ मिमीला आल्यावर एका बाजूला वाळूचा एक डाग उघडा पडला, टाचणीच्या डोक्याएवढा. १८.५ ला तो अर्धा झाला, १९.२ ला गेला. तेव्हा कुठे श्वास सोडला, कारण हा डाग राहिला असता तर पुन्हा फाउंड्रीची वाट धरावी लागली असती.

शेवटचे दोन कट टूल न हलवता. पहिल्या फेरीत बार थोडा दबतो, दुसऱ्या फेरीत त्याच सेटिंगला उरलेलं निघतं. हे कट पहाटे घेतले. देवपुरात सकाळी सातनंतर व्होल्टेज खाली येतं, मोटरचा सूर बदलतो आणि मधेच वेग पडला की भोकात कडं उमटतं.

टेलिस्कोपिक गेजने तीन ठिकाणी मापलं. तिन्हीकडे २०.०१. डावीकडचं आणि उजवीकडचं माप एक आल्यावर पुतणीने गेज माझ्या हातातून घेऊन स्वतः परत मापलं.

लॅप करायचा (पेस्टने घासून गुळगुळीत करायचा) मोह होता. केला नाही. व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि पुढे आयुष्यभर पिस्टन खातात. टूलच्या बारीक रेघा तेल धरतील.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सिलिंडरची दोन्ही तोंडं. बोअरला काटकोनात नसतील तर झाकण तिरकं बसेल, झाकणातून येणारा रॉड तिरका होईल आणि ग्लँड (रॉडभोवती वाफ अडवणारा भाग) एका बाजूने खाईल. म्हणून तोंडांचं माप बोअरवरूनच.

चकमध्ये सळईचा तुकडा धरून जागेवरच मँड्रेल (सिलिंडर बसवायचा दांडा) कातला, अगदी थोड्या उताराचा, म्हणजे सिलिंडर हाताने ढकलून मळसूत्राविना घट्ट बसेल. मँड्रेल चकमधून काढायचाच नाही. तो याच सेटिंगमध्ये कातला आहे, म्हणून त्याचा अक्ष आणि लेथचा अक्ष एकच. एक तोंड कापलं, सिलिंडर उलटा करून दुसरं. लांबी ३६.००. झाकणांची आत जाणारी गळपट्टी प्रत्येकी १ मिमी, मधे उरले ३४. त्यात २४ चा स्ट्रोक, ८ चा पिस्टन, दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर मोकळं.

दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी, मग दुकानाचं काम.

९ मार्च, रविवार

पोर्ट, म्हणजे वाफेच्या वाटा. सिलिंडरच्या बाजूला तीन चिरा: दोन टोकांना वाफेच्या, २ मिमी रुंद, मधे एक्झॉस्टची, ४ मिमी, त्यांच्यामध्ये २ मिमीचे पूल. लांबी सगळ्यांची ८ मिमी. पहिल्या चिरेच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या चिरेच्या बाहेरच्या कडेपर्यंत १२ मिमी. इंजिन कधी श्वास घेणार आणि कधी सोडणार ते या बारा मिलिमीटरांत ठरतं.

व्हर्टिकल स्लाइडवर सिलिंडर बांधला. पोर्टची बाजू बोअरला समांतर हवी, म्हणून बोअरमध्ये मँड्रेल घालून त्यावर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं सुईचं मापक) फिरवला आणि सिलिंडर सरळ केला. मग ती बाजू एंडमिलने सपाट केली आणि तिन्ही चिरा त्याच सेटिंगमध्ये काढल्या. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवत मापापर्यंत आणायचं. पुढे गेलं तर अर्धी फेरी मागे घेऊन परत यायचं, नाहीतर स्क्रूमधला प्ले (ढिलेपणा) मापात शिरतो.

२ मिमीच्या एंडमिलला जेवढा वेग हवा तेवढा हा लेथ देत नाही, म्हणून खोली एका वेळी दोन दशांशच. कंटाळवाणं काम, पण कटर शाबूत राहिला.

टोकांकडून चिरांपर्यंत तिरकी भोकं, प्रत्येक बाजूला २ मिमीची तीन. त्यांच्या तोंडाशी बोअरच्या कडेला कानशीने छोटी खाच घेतली, कारण झाकणाची गळपट्टी नेमकी तिथेच आडवी येते.

१६ मार्च, रविवार

फ्लायव्हील. बिडाची वरची साल कडक आणि वाळूने भरलेली. तिच्यावर टूल नुसतं घासत नेलं तर धार मिनिटात जाते. पहिलाच कट दीड मिलिमीटर खोल, टूलचं टोक सालीच्या खाली. बॅक गिअर लावून मिनिटाला ६४ फेऱ्यांच्या जवळपास, म्हणजे १०० मिमी व्यासाला मिनिटाला २० मीटर.

रिमच्या आतून जबड्यांनी धरलं, त्यामुळे बाहेरची गोलाई, समोरची कड, हब आणि हबचं ८ मिमीचं भोक सगळं एका सेटिंगमध्ये निघालं. रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) हाताने. शाफ्टवर घालून फिरवलं, रिमला डायल लावला: दोन शतांश. डोळ्यांना ते चाक थांबलंय की फिरतंय हे फक्त आऱ्यांवरून कळतं.

काळा किस नाकातोंडात जातो. तोंडाला रुमाल बांधायचा आणि काम संपल्यावर बेड पुसून तेल लावायचं, बिडाचा बारीक चुरा झिजलेल्या बेडला आणखी झिजवतो.

२३ मार्च, रविवार

गाइड. याच्या एका टोकाला सिलिंडरच्या झाकणात बसणारी गळपट्टी, आत १८ मिमीचा बोअर, त्यात क्रॉसहेड (पिस्टनचा रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता भाग) धावणार. गळपट्टी आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये. त्यामुळे गाइडचा अक्ष आणि पिस्टनचा अक्ष जुळवायला वेगळं काही करावं लागत नाही, जोडले की जुळलेले. जुन्या इंजिन बनवणाऱ्यांनी दोन सपाट पट्ट्यांऐवजी असा गोल गाइड घेतला त्याचं कारण लेथसमोर उभं राहिलं की कळतं.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढीखाली पाट, पाटावर पाया, सिलिंडर, गाइड आणि फ्लायव्हील मांडून हळद-कुंकू वाहिलं. काम नाही.

६ एप्रिल, रविवार

क्रँकची तबकडी. शाफ्टच्या भोकापासून १२.०० मिमीवर, त्याला अगदी समांतर, ५ मिमीचं भोक हवं. पंच मारून ड्रिल केलं तर भोक कुठेतरी एक-दोन दशांश भटकतं, आणि समांतरपणाची तर खात्रीच नाही. म्हणून बटणाची रीत.

८ मिमी व्यासाचं पोलादी बटण कातलं, मधे सैल भोक. तबकडीवर खुणेच्या जागी एम३ चा आटा पाडून बटण स्क्रूने हलकं धरलं. शाफ्टच्या भोकात ८ मिमीची घट्ट पिन. दोन्हींच्या बाहेरून मायक्रोमीटर: १२ अधिक ४ अधिक ४, म्हणजे २०.०० यायला हवं. बटणाला प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत नेमक्या वीसला आणलं, स्क्रू आवळला, परत मापलं. मग तबकडी फेसप्लेटवर बांधली. फेसप्लेटवर आधीच एक हलका कट घेतलेला. बटणावर डायल लावून तबकडी सरकवत गेलो, बटण डायलला न हलवता फिरेपर्यंत. बटण काढलं आणि तिथेच भोक पाडून छोट्या बोरिंग टूलने ४.८ केलं, शेवटी ५ चा रीमर.

पिन घालून तपासलं. १८.५० हवं, १८.५१ आलं. या लेथच्या कुठल्याही स्क्रूवर मी एवढा विश्वास ठेवला नसता. इथे विश्वास मायक्रोमीटरवर आणि डायलवर आहे, लेथने फक्त फिरायचं काम केलं.

१३ एप्रिल, रविवार

काल चैत्र पौर्णिमा, एकवीरादेवीची यात्रा, रस्ता भरलेला. आज पिस्टन.

पत्र्याखाली दुपारी चाळिशीच्या वर जातंय, लोखंडाला हात लावला की कळतं. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मायक्रोमीटर आणि जॉब दोन्ही तितकेच गरम असतील तर फारसं बिघडत नाही, दोन्ही जवळपास सारखे फुगतात. खरा घोटाळा नुकत्याच कातलेल्या भागाचा. २० मिमीचा गनमेटल पिस्टन हवेपेक्षा ६० अंशांनी गरम झाला तर तो दोन शतांश फुगलेला असतो, आणि माझ्याकडे एकूण जागाच तीन शतांशांची. म्हणून शेवटच्या कटाआधी पिस्टन चकमध्येच गार होऊ द्यायचा. ओलं फडकं वगैरे नाही, नुसता वेळ.

पिस्टन रॉडवर एम४ च्या आट्याने आधी कायमचा बसवला, मगच कातला. रॉड स्टेनलेसचा, ५ मिमी. तो थ्री-जॉमध्ये थेट धरला नाही. चकमध्ये पितळी बुश धरून त्याला जागेवर ५ चं भोक केलं, चीर पाडली, त्यात रॉड. आता पिस्टनची गोलाई आणि रॉड यांचा अक्ष एकच असणार, आटा थोडा तिरका असला तरी. व्यास १९.९८. मधे ३ मिमीची खाच, तिच्यात ग्रॅफाइटची दोरी भरणार.

सिलिंडरला किंचित तेल लावून पिस्टन आत सोडला, खालचं तोंड तळव्याने दाबलं. पिस्टन हवेवर तरंगला आणि हळूहळू उतरला. तळवा काढला तेव्हा खाली गेला. दोरी अजून भरायचीच आहे.

२० एप्रिल, रविवार

एक्सेंट्रिक (मध्य सोडून शाफ्टवर बसवलेली, व्हॉल्व्ह हलवणारी चकती) आणि स्लाइड व्हॉल्व्ह (पोर्टवर सरकणारं झाकण).

व्हॉल्व्हची लांबी १३.६: पोर्टच्या १२ वर दोन्ही बाजूंना ०.८ चा लॅप (चिरेच्या कडेबाहेर जाणारी जादा लांबी). आतला खळगा ८ मिमी, म्हणजे एक्झॉस्ट आणि दोन्ही पूल बरोबर झाकणारा. व्हॉल्व्हला मधल्या जागेपासून दोन्हीकडे २.८ सरकायचंय: २ ची चीर पूर्ण उघडायला आणि ०.८ लॅप ओलांडायला. तेवढाच एक्सेंट्रिकचा ऑफसेट. फोर-जॉमध्ये डायलची सुई ५.६ चा फेरा मारेपर्यंत दोन समोरासमोरचे जबडे ढिले-घट्ट करत गेलो.

व्हॉल्व्हची आणि पोर्टची बाजू १० मिमी जाडीच्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, ६०० पासून १००० पर्यंत, आठच्या आकड्यात हात फिरवत. दोन्ही कोरड्या एकमेकांवर ठेवून सरकवल्या की चिकटल्यासारख्या ओढतात.

२७ एप्रिल, रविवार

आज आप्पा आले, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. व्हॉल्व्ह सेटिंग त्यांच्याकडून करून घ्यायचं ठरलेलंच होतं.

पहिलं काम डेड सेंटर (पिस्टन धावेच्या अगदी टोकाला असतो ती क्रँकची जागा) शोधणं. डोळ्यांनी ते सापडत नाही. तिथे क्रँक पाच अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम पाच-सहा शतांश हलतो. आप्पांची रीत: फ्लायव्हील डेड सेंटरच्या अलीकडे थांबवा, क्रॉसहेडची जागा गाइडवर रेघून घ्या, पायावर उभ्या केलेल्या तारेच्या टोकासमोर रिमवर खूण करा. मग चाक पुढे न्या, क्रॉसहेड पुढे जाऊन परत त्याच रेघेवर आला की रिमवर दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे डेड सेंटर. कंपासने मध्य काढला. दुसऱ्या टोकालाही तसंच. ‘सांध्यातला ढिलेपणा एकाच बाजूला राहू दे,’ असं सांगून प्रत्येक वेळी त्यांनी चाक मागून पुढेच आणायला लावलं.

मग चेस्टचं (व्हॉल्व्हच्या पेटीचं) झाकण काढून व्हॉल्व्ह पाहिला. दोन्ही डेड सेंटरवर चीर सारखीच उघडी दिसायला हवी. नसेल तर व्हॉल्व्ह रॉडचा नट फिरवून फरक निम्मा करायचा. सारखी झाली, पण कमी-जास्त आहे, तर एक्सेंट्रिक शाफ्टवर फिरवायचं. आम्ही ०.१५ चा लीड (डेड सेंटरला चीर जेवढी उघडी असते ते माप) ठेवला. त्या हिशोबाने एक्सेंट्रिक क्रँकच्या सुमारे ११० अंश पुढे येतं.

पुतणीने विचारलं, दोन्हीकडे लीड सारखा, मग वाफ तुटण्याची (आत यायची बंद होण्याची) जागाही सारखी का येत नाही? तिने मोजलं होतं. मागच्या टोकाकडून वाफ स्ट्रोकच्या ९२ टक्क्यांना तुटते, क्रँकच्या बाजूने ८८ ला. आप्पांनी तिला कनेक्टिंग रॉड दाखवला. रॉड ६० मिमीचा, क्रँक १२ चा. क्रँक पाव फेरी फिरला की पिस्टन मध्यावर नसतो, १.२ मिमी पुढे गेलेला असतो. रॉड तिरका झाला की त्याची पोच कमी होते. रॉड जितका आखूड तितका हा फरक जास्त. ‘म्हणूनच जिनातल्या इंजिनांचे रॉड एवढे लांब असायचे, पोरी. जागा खायचे, पण दोन्ही ठोके सारखे पडायचे.’

तिने हे वहीत आकृतीसह उतरवून घेतलं. मीही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

बहीण माहेरी आली आहे. घरात आमरस आणि खापरावरचे मांडे, अंगणात झोका. दुपारी सगळे आडवे झाल्यावर वर्कशॉपमध्ये गेलो, आणि मागोमाग सगळेच आले.

टायरवाल्याकडून छोटा कॉम्प्रेसर आणला होता. प्रत्येक सांध्यात तेलाचा थेंब, रेग्युलेटर शून्यावर. हळूहळू दाब वाढवला. अर्ध्या किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) आसपास ग्लँडमधून शू आवाज आला, नट किंचित आवळला. ०.७ ला चाक थरथरलं. बोटाने एक धक्का दिला आणि ते सुटलं.

पहिल्या मिनिटात अडखळत होतं, दोरी बसायची होती. मग सूर लागला. एक्झॉस्टच्या नळीतून फेरीला दोन ठोके, सारखे. तेलाचे तुषार उडत होते, फ्लायव्हीलच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. दाब खाली आणत गेलो तर ०.४ ला सुद्धा फिरत राहिलं, इतकं सावकाश की क्रॉसहेडच्या फेऱ्या मोजता येत होत्या.

बहिणीने अंगणातून आईला हाक मारली, ‘माय, ये ना व! इंजिन चाली ऱ्हायनं!’ आप्पा खुर्ची ओढून चाकाच्या बाजूला बसले आणि कान एक्झॉस्टकडे केला. बराच वेळ ऐकून म्हणाले, मागचा ठोका अजून किंचित जड आहे.

४ मे, रविवार

आप्पांचा कान बरोबर होता. चेस्ट उघडून पाहिलं. व्हॉल्व्ह रॉडचा लॉकनट चालताना पाव फेरी सरकला होता. मागच्या बाजूची चीर जास्त उघडत होती. परत जुळवलं, नटाच्या जोडीला दुसरा पातळ नट दिला. तासभर हवेवर चालवलं, मग परत उघडून तपासलं: हलला नाही.

पिस्टन बाहेर काढला. बोअरमध्ये ओरखडा नाही, वरपासून खालपर्यंत सारखी राखाडी झळाळी, म्हणजे पिस्टन कुठे एका बाजूने टेकत नाही. क्रॉसहेडवरही घासल्याची खूण सगळीकडे सारखी. फेब्रुवारीत बोअरच्या तीन ठिकाणी जे एक माप आलं त्याचा हा पुरावा.

राहिलेली कामं: सिलिंडरभोवती सागाच्या पट्ट्यांचं आवरण (पॅटर्नचंच लाकूड उरलं आहे), खालून पाणी सोडायचे दोन छोटे कॉक, वाफेच्या नळीवर तेल सोडणारी कुपी. वाफ गार सिलिंडरला लागली की पाणी होतं, आणि पाणी दबत नाही. कॉक उघडे ठेवून सिलिंडर तापवला नाही तर १ मिमीच्या मोकळ्या जागेत अडकलेलं पाणी झाकण फोडू शकतं. म्हणून कॉक आधी, वाफ नंतर.

बॉयलरचं गणित पुतणीने मांडलं आहे. तांब्याची नळी १०० मिमी व्यासाची, २ मिमी जाड, चालवायचा दाब ३ किलो. भिंतीतला ताण चौरस मिलिमीटरला साधारण साडेसात न्यूटन येतो, तांब्याला तो सहज झेपतो. खरी काळजी जोडांची. ते सगळे सिल्व्हर ब्रेझिंगचे, कथलाची डाग कुठेही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह तिनेच कातायचं ठरवलं आहे. बॉयलर तयार झाला की पाण्याने पूर्ण भरून हातपंपाने ६ किलोपर्यंत दाबून ठेवणार. त्या दाबाला जोड गळला तर पाण्याचे चार थेंब येतात, वाफेसारखा स्फोट होत नाही. ती चाचणी आप्पांच्या समोर करायची आहे. तोपर्यंत इंजिन हवेवरच.